आप्पांच्या बंदुकीचा बार

यंदा पालखी आमच्या बंदुकीनंच उठणार, असं मी गावच्या ग्रुपवर छातीठोक टाकून दिलं. खाली आणखी एक ओळ जोडली: 'बार ऐकला की पालखी उचला, कुणाची वाट बघू नका.' लिहिताना लई भारी वाटलं होतं.

निलंग्याजवळ आमचं गाव. पूर्वी आमच्या घरच्या ठासणीच्या बंदुकीचा बार झाल्याशिवाय महादेवाची पालखी उठत नव्हती. गोळी न्हाई, छर्रा न्हाई, नुसती दारू अन् आवाज. पण अठरा वर्षांखाली बंदुकीनं सगळ्या गावासमोर तीनदा फुस्स केलं. लोक पोट धरून हसले. मान रामलिंगच्या फटाक्यांना गेला, बंदूक माळ्यावर गेली, अन् आमचे वडील माणिकप्पा यात्रेच्या दिवशी दार लावून घरात बसू लागले. लायसन मात्र दर वेळी नवं करून घ्यायचे. आता आप्पा ब्याऐंशीचे हायत. त्यांनी एकदा तरी पालखीपुढं चालावं, एवढंच मला पाहिजे होतं.

ठाण्यातून परवानगी काढली अन् बंदूक घेऊन मोहियोद्दीन चाचांकडं गेलो. चाचांचं बंदूक दुरुस्तीचं लायसन अजून भिंतीवर हाय, पण गिऱ्हाईक शिलाई मशीनचंच येतं. त्यांनी नळीत डोकावून बघितलं.

"बंदुकीला काय बी झालं न्हाई बाबा. आत कुंभारमाशीनं घर बांधलंय."

"बार होईल ना चाचा?"

"होईल की, नळी साफ करून देतो. पण यात्रेआधी शेतात एकदा काढून बघ. परत इज्जतीचा फालुदा नको."

सल्ला मला पटला. पालखी संध्याकाळी पाचला उठणार होती. मी सकाळी नऊलाच गावाला लागून असलेल्या शेतात गेलो, दारू ठासली, डोळे मिटले अन् घोडा ओढला.

काय सांगू तुम्हाला! हरभऱ्यातली कबुतरं थेट कर्नाटकात गेली असतील. मी एकटाच बांधावर नाचून राहिलो होतो. कानात नुसती कुकरची शिट्टी. ती थांबली तेव्हा कळलं, खिशात फोन वाजून राहिलाय. तेवीस मिस कॉल, सगळे बायकोचे.

"अहो, कुठं हाव तुम्ही?" रुद्राणी ओरडली. "पालखी उठली."

"पालखी पाचला हाय."

"तुम्हीच लिहिलं ना, बार ऐकला की उचला? पोरांनी उचलली."

"मग खाली ठेवायला सांग."

"एकदा खांद्यावर घेतलेली पालखी गाव फिरल्याबिगर खाली ठेवतेत व्हय?"

हे मला बी ठाऊक होतं. बंदूक पोत्यात गुंडाळली अन् पळत सुटलो. गावात पोचलो तर रत्नम्मा मावशी पुरणाच्या हातानंच आरती धरून उभ्या. आमच्या मठाच्या स्वामींची अर्धीच दाढी झालेली. डीजेवाला टेम्पोत घोरत पडलेला. पाहुण्यांना फोन करून 'येऊ नका, झाली' असं सांगायचं काम सगळ्या गल्लीत चालू होतं.

"संगम्या, पार वाटोळं केलंस," रामलिंगनं मला अडवलं. त्याच्या हातात फटाक्यांची माळ तशीच होती. "माझी काडी पेटायच्या आत पालखी पुढं."

मी माफी मागायला तोंड उघडलं, अन् मला पालखीपुढं आप्पा दिसले. अनवाणी, सदऱ्याची एकच बाही घातलेली, कपाळभर विभूती. छाती पुढं काढून चालले होते. डोळ्यांतून घळाघळा पाणी.

"ऐकला का रे संगमेश?" ते म्हणाले. "आपला बार."

"हाव आप्पा," मी म्हणालो. बाकीचे शिव्या देऊन राहिले होते, पण मला त्या गोड लागल्या.

दुपारी देवळात बैठक बसली. पंचांनी निकाल दिला: बार कसा का होईना, झाला. मान परत माणिकप्पाच्या घरी.

मी हात जोडून उभा राहिलो.

"बस खाली," अर्ध्या दाढीचे स्वामी म्हणाले. "अट हाय. पुढच्या वर्षीपासून बार आप्पा काढतील. दारू रामलिंग भरेल. अन् पालखी उठेपर्यंत तू गावात दिसायचं न्हाई."

आप्पांनी विचार करायला एक मिनिट बी घेतलं न्हाई, लगेच होकार दिला. पंच अटीच्या कागदावर घरच्यांची सही पाहिजे म्हणाले, तर ती रुद्राणीनं केली. वर तिथूनच उदगीरला आपल्या आईला फोन लावून सांगितलं, पुढच्या यात्रेला जावई मुक्कामाला येऊन राहिलेत.