लंका शाखेचा घनपाठी

“आणि हे बघ केयूर, तिथे जाऊन गाण्यांचं काढू नकोस,” दूधविनायकाच्या गल्लीत बैलाला वळसा घालता घालता शरदिनीआत्यानं पुन्हा एकदा बजावलं. “शास्त्रीबुवांचं घर आहे ते. सगळं जमत आलंय, बिलकुल घोळ नको!”

आत्याची भीती खोटी नव्हती. केयूर मूळचा जळगावचा, बँकेच्या नोकरीपायी बनारसला आलेला. मुलगा सरळ, पण त्याला एक खोड होती. ज्या गायकाला सख्ख्या आईशिवाय कोणी ओळखत नाही, त्याची नाचायची गाणी हुडकून काढायची आणि दिसेल त्याच्या गळ्यात मारायची! काउंटरवर पासबुक छापून होईस्तोवर पेन्शनर म्हाताऱ्यांच्या कानात तो इयरफोन खुपसत असे. “सुनिए बाबूजी, अभी किसी को पता नहीं है!” म्हातारे बिचारे पेन्शन अडकेल या धाकानं माना डोलवत.

पण आज मामला वेगळा होता. मराठी मंडळाच्या गणेशोत्सवात मालविका दिसल्यापासून केयूरचा जीव तिच्यावर जडला होता. ती नाही तर कोणी नाही, असं त्यानं आत्याला स्वच्छ सांगून टाकलं होतं.

ब्रह्मा घाटावर मालविकाच्या वडिलांनी, देवव्रतशास्त्र्यांनी, बसायला पाट दिले आणि थेट विचारलं, “शाखा कोणती?”

“लंका,” केयूर म्हणाला.

शास्त्रीबुवांच्या भुवया वर गेल्या. “लंका? ही शाखा ऐकण्यात नाही.”

“विद्यापीठाच्या फाटकाजवळ. गर्दी फार असते. पण तीन वर्षांनी बदलून मिळते.”

“शाखा बदलून मिळते?” शास्त्रीबुवा हादरले.

“अहो, बँकेची सांगतोय तो!” आत्यानं घाईघाईनं सावरलं. “आम्ही ऋग्वेदी, शाकल शाखा.”

शास्त्रीबुवांचा जीव भांड्यात पडला. मग मालविका चहा घेऊन आली. नेमकं तेव्हाच शास्त्रीबुवांनी विचारलं, “फावल्या वेळात काय करता?”

“ऐकतो.”

“काय ऐकता?”

आत्या जोरात खोकली. पण केयूरची खोडच ती, जिभेवर आलेलं नाव परत कसं जाणार? “तुम्हाला माहीत नसेल. फार कमी लोकांना ठाऊक आहे. घनपाठी. रोज ऐकतो.”

मालविकाच्या हातातला ट्रे खडखडला. आता, वेदातली पदं उलटसुलट गुंफून न अडखळता म्हणणारा तो घनपाठी, हे काशीतलं शेंबडं पोरही सांगेल. जळगावच्या केयूरला मात्र ते एका निनावी कलाकाराचं झकास नाव वाटलं होतं.

“मला माहीत नसेल?” शास्त्रीबुवा गडगडून हसले. “अहो, मी स्वतः घनपाठी आहे!”

केयूर थक्क झाला. ती धडधडणारी गाणी, आणि हे शेंडीवाले गृहस्थ! “तुम्ही? ते तुम्ही?” त्यानं धाडकन लोटांगणच घातलं. “तुमचं ऐकताना माझे पाय थांबत नाहीत हो!”

“माना डोलतात लोकांच्या,” शास्त्रीबुवांचे डोळे भरून आले, “पण पायांपर्यंत पोचलेला श्रोता पहिलाच! उद्या आमच्याकडे वसंतपूजा आहे. सगळे वैदिक मंत्र म्हणायला येतील. त्यांच्यासमोर सांगा हे!”

निघताना मालविकानं दाराशी गाठलं. “उद्या या, पण मोबाईल घरी ठेवून या. प्लीज!”

‘किती विनय घरात!’ केयूरला वाटलं.

दुसऱ्या दिवशी मंत्र झाले, पन्हं झालं, भिजवलेले हरभरे वाटले गेले. शास्त्रीबुवांनी कौतुकानं सांगितलं, “या मुलाच्या मोबाईलमध्ये आमचं पठण आहे. रोज ऐकतो!”

“मग ऐकवा ना!” एक वृद्ध वैदिक म्हणाले.

खांबाआडून मालविका जिवाच्या आकांतानं मान हलवत होती. केयूरला ते दिसलंही. पण ज्यांनी हे गाणं कधीच ऐकलेलं नाही असे इतके कान एका जागी! त्याला राहवेना. त्यानं आवाज पूर्ण वाढवला आणि बोट दाबलं.

धाड-धाड-धाड-धिन! अंगणातली कबुतरं उडाली. एका मुलीचा आवाज गुणगुणला आणि मागोमाग घोगरा पुरुषी आवाज ठेक्यावर गर्जू लागला, “अरे गाढवा, स्वर कुठे गेला? परत म्हण! परत! परत! प-प-प-परत म्हण!”

आवाज कोणाचा हे सांगायची गरज नव्हती, निम्म्या अंगणानं लहानपणी त्याच आवाजाच्या शिव्या खाल्ल्या होत्या. शास्त्रीबुवा लालबुंद झाले. आत्यानं पदर तोंडाला लावला.

“बाबा, मीच केलं हे,” मालविका रडवेली होऊन पुढे आली. “तुम्ही शिकवत होता तेव्हा दाराआडून रेकॉर्ड केलं. मंत्र एकही घेतला नाही, फक्त तुमचं ओरडणं. घनपाठी माझंच नाव.”

“घनपाठी म्हणजे तुम्ही?” केयूरला इतका आनंद झाला की भ्यायचं राहूनच गेलं.

“किती जणांनी ऐकलं हे?” शास्त्रीबुवांनी दरडावलं.

“शंभरेक वेळा वाजलंय,” ती पुटपुटली.

“त्यातलं नव्वद वेळा मीच,” केयूरनं खरं ते सांगितलं.

“फक्त?” शास्त्रीबुवा कडाडले. “उभा जन्म शिकवण्यात गेला, आणि माझा आवाज ऐकायला अख्ख्या जगात एक बँकवाला? काढा रे सगळ्यांनी मोबाईल! केयूर, पाठवा यांना!”

संध्याकाळपर्यंत घाटावरच्या होड्यांमधूनसुद्धा ‘परत म्हण’ वाजू लागलं. शास्त्रीबुवा ओसरीत पायानं हळूच ठेका धरून बसले होते.

“मुलगा पसंत आहे,” ते आत्याला म्हणाले. केयूरला आभाळ ठेंगणं झालं. “पण घनपाठी म्हणजे काय हे ठाऊक नसलेला जावई मला चालायचा नाही. उद्या पहाटेपासून पाठाला यायचं. मुळापासून!”

केयूरनं भांबावून मालविकाकडे पाहिलं. ती मोबाईल चार्जिंगला लावत होती.

“नक्की या हं,” ती गोड हसून म्हणाली. “पुढच्या गाण्यासाठी मला नवीन गाढव हवंच होतं.”