गुळगुळीत आक्का

एका जंगलात दवाखाना नव्हता, पण स्किन क्लिनिक होतं. मुलांनो, यात हसण्यासारखं काही नाही. पाय मोडला तर दोन डोंगर ओलांडून जावं लागे. चेहऱ्यावरचा डाग मात्र हाकेच्या अंतरावर जाई. याला विकास म्हणतात.

क्लिनिक डॉक्टर सरड्यांचं होतं. शनिवार-रविवारचा कोर्स करून ते डॉक्टर झाले होते. उपचाराचा गुण ते स्वतःच्याच अंगावर दाखवत. वाळक्या फांदीवर बसून म्हणत, "हे आधी." मग हिरव्या पानावर सरकून म्हणत, "आणि हे नंतर." बघणाऱ्यांना गहिवरून येई.

याच जंगलात हत्तींचा एक कळप होता. त्याच्या म्होरक्या होत्या थोरल्या हत्तीणबाई. त्यांना सगळे आक्का म्हणत. उन्हाळ्यात तळं आटलं की उघडा माळ ओलांडून कळपाला नदीवर न्यायचं काम आक्कांचं. वाट त्यांनाच ठाऊक. आजवर त्यांनी दुसऱ्या कुणाला पुढे चालू दिलं नव्हतं.

यंदा मात्र त्यांची भाची शेवंता मायेनं म्हणाली, "आक्का, या खेपेला मी पुढे चालते. तुम्ही दमलेल्या दिसता."

आक्का दमल्या नव्हत्या. पण दिसत होत्या, आणि दिसणं जास्त गंभीर असतं. त्या तडक क्लिनिकात गेल्या.

दारात एक ससा अंग खाजवत बसला होता. त्याला नायटा झाला होता, आणि तो घरच्या पिल्लांनाही लागला होता. इथे आजारी लोकांना घेत नाहीत, इतर पेशंटना ते बघवत नाही, असं त्याला गोड शब्दांत सांगून झालं होतं.

आक्कांना थेट आत घेतलं. डॉक्टर त्यांच्या कपाळावर चढले, एका सुरकुतीत उतरले आणि बराच वेळ दिसलेच नाहीत. वर आले तेव्हा त्यांचा चेहरा उतरला होता.

"फार उशीर केलात, मॅडम."

"काय झालंय मला?"

"वय."

आक्का हादरल्या. त्यांच्या आईला आणि आजीलाही हेच झालं होतं, पण तेव्हा कुणी निदानच केलं नव्हतं.

उपचार सुरू झाले. साळिंदरानं अंगभर काटे टोचले. जळवांनी रक्त काढलं आणि तेच रक्त तोंडाला चोपडलं. तरीही ज्या घड्या उरल्या त्यांत डिंकाचं फिलर भरलं. या घड्या मुळात असतात कशासाठी, असं आक्कांनी मध्येच विचारलं. डॉक्टर म्हणाले, तो विषय कोर्सला नव्हता.

आक्का नदीतल्या गोट्यासारख्या गुळगुळीत झाल्या. कळप बघत राहिला. शेवंता मागे सरली.

निघायच्या दिवशी सगळे चिखलात लोळले. इतरांच्या घड्यांमध्ये चिखल साचला आणि दुपारपर्यंत ओला राहिला. मुलांनो, घड्या त्यासाठीच असतात. आक्कांच्या अंगावरून मात्र तो लावला तसा घसरून गेला. माळावर ना झाड, ना सावली. ऊन वर आलं तशी त्यांची पाठ तव्यासारखी तापली. पण बोलायचं म्हणजे पुढची जागा सोडायची. त्या चालतच राहिल्या. गुडघे टेकले तेव्हाच थांबल्या.

कळपानं त्यांच्या कपाळाकडे पाहिलं. घाबरायचं की नाही, ते नेहमी तिथंच कळायचं. आता कपाळावर काहीच उमटत नव्हतं. त्यामुळे कुणी घाबरलं नाही, आणि सगळे उन्हात निवांत उभे राहिले.

शेवंतानं घशात साठवलेलं पाणी सोंडेनं काढून आक्कांवर फवारलं. वाट विचारली. आक्कांनी तोंड मिटून घेतलं. मग कळपातलं सगळ्यात धाकटं पिल्लू आडवं झालं.

"टेकडी उजवीकडे ठेव," आक्का म्हणाल्या. "आणि पुढे हो."

शेवंतानं कळप नदीवर नेला. पिल्लू वाचलं. ऊन उतरल्यावर आक्का सगळ्यांच्या मागून, एकट्याच पोचल्या.

डॉक्टर त्यांच्या आधी पोचले होते. ते कळपातल्याच कुणाच्या तरी पाठीवर बसून आले होते. आक्कांनी तक्रार मांडली. डॉक्टरांनी ती शांतपणे ऐकून घेतली आणि उपचार उत्तमच झाल्याचं सांगितलं. चूक उन्हाची होती. शिवाय आता नवीन तंत्र आलं होतं. काजव्यांच्या लेझरनं, हव्या त्या जागी, अगदी नैसर्गिक दिसतील अशा सुरकुत्या कोरून मिळणार होत्या.

आक्का नंबर लावायला गेल्या, तर रांगेत शेवंता उभी. ती ओशाळली. पुढे चालते खरी, पण कालची पोर म्हणून कुणी ऐकत नाही, असं पुटपुटली. मग सोंड खाली करून तिनं हळूच विचारलं, "आक्का, तुमच्या कपाळावरच्या त्या आडव्या होत्या की उभ्या?"

आक्कांनी आठवून पाहिलं. डॉक्टरांनी दाखवेपर्यंत त्यांनी त्या कधी बघितल्याच नव्हत्या.

"आडव्या," त्या अंदाजानं म्हणाल्या. "आणि सरक मागे. नंबर माझा आधी."

तात्पर्य: म्हातारपण आपोआप येऊ देणं हा शुद्ध निष्काळजीपणा आहे. ते आधी नीट घालवावं आणि मग अपॉइंटमेंट घेऊन परत आणावं.