पुराव्याचे जॅकेट

वडिलांचे कपडे न्यायला संध्याकाळी माणूस येणार होता आणि आईने दुपारीच सगळ्यांच्या घड्या घालून गाठोडी बांधली होती. करडे जॅकेट तेवढे खुंटीवर राहिले होते.

"तेही टाक त्यात," आई म्हणाली.

"टाकते," थोरली लेक म्हणाली आणि ते तिने अंगात चढवले. "साबण संपलाय ना, तो घेऊन येते. बाहेर गार आहे. आल्यावर टाकते."

बाहेर तसे काही गार नव्हते.

जॅकेट थोरलीच्या गुडघ्यांपर्यंत येत होते आणि त्याला खोकल्याच्या गोळ्यांचा वास होता. कोपऱ्यावरच्या मोठ्या दुकानात वडील दर रविवारी जात. आई त्यांच्याबरोबर कधीच गेली नाही. "यांच्याबरोबर दुकानात जाण्यापेक्षा मी साबणाशिवाय राहीन," असे ती म्हणायची. थोरली नोकरीसाठी दुसऱ्या गावी राहत होती. तिने कारण कधी विचारले नव्हते.

तिने तिथून साबण आणि एक बल्ब घेतला, पैसे दिले आणि बाहेर पडायच्या वेगळ्या दाराशी उभ्या असलेल्या, चोरी पकडणाऱ्या दोन खांबांमधून ती बाहेर पडू लागली. भोंगा वाजला.

"ओ ताई, थांबा. पिशवी दाखवा," रखवालदार म्हणाला.

वडिलांनी जन्मभर कोर्टात कारकुनी केली होती. त्यांच्या घरात मुलींना आपले हक्क पाढ्यांच्या आधी पाठ झाले होते. संशय आला म्हणून कोणी अंगाला हात लावायचा नाही. झडती आपल्या संमतीने, नाहीतर पोलिसांनी, आणि बाईची बाईनेच. कोंडून ठेवायचे नाही. 'आणि पोरींनो, आवाज चढवायचा नाही. तो चढला की आपली बाजू उतरते.'

"पिशवी मी माझ्या इच्छेने दाखवतेय," थोरली आवाज न चढवता म्हणाली. "तुम्ही सांगितलंत म्हणून नाही."

"कशीही दाखवा."

साबण आणि बल्ब टेबलावर आले. दोन्ही बिलाशी जुळले. रिकाम्या हाताने ती पुन्हा खांबांमधून गेली. भोंगा पुन्हा वाजला.

"कपड्यांत असेल," रांगेतल्या एका बाईने आपणहून मदत केली. "आमच्या जाऊबाईंच्या शेजारणीचं असंच निघालं. इतकी सोज्वळ दिसायची."

"जॅकेट काढा," रखवालदार म्हणाला.

"तसा हुकूम तुम्ही करू शकत नाही. विनंती करू शकता."

"बरं, विनंती. काढा."

तिने ते काढले. ती एकटी गेली तेव्हा खांब गप्प राहिले. रखवालदार जॅकेट घेऊन गेला तेव्हा त्यांनी बोंब ठोकली. त्याने अस्तर चाचपले. आत, अगदी खालच्या शिवणीशी, सुपारीएवढा प्लास्टिकचा टॅग निघाला.

"हा आमचा. माल विकला की काढतात. म्हणजे हा माल विकलेला नाही."

"ते माझ्या वडिलांचं आहे."

"मग वडिलांनी..."

"पुढचा शब्द विचार करून बोला."

"त्यांनाच बोलवा ना मग."

"ते येऊ शकत नाहीत."

"कोणाचेच येत नाहीत अशा वेळी," रखवालदार म्हणाला आणि रांगेतली बाई हसली.

वडील म्हणजे कोर्टातली टाचणीसुद्धा चुकून खिशात आली तर परत द्यायला जाणारा माणूस. पण टॅग समोर होता. आणि ज्यांना विचारायचे तेच नव्हते. थोरलीला पहिल्यांदाच वाटले, की आपल्याला त्यांच्याविषयी सगळे ठाऊक नसेल. त्या गर्दीत, टेबलावरच्या साबणाकडे बघत, तिला त्याचे फार वाईट वाटले.

"जॅकेट इथेच राहील," रखवालदार म्हणाला.

"पोलिसांना बोलवा. ते येईपर्यंत माझ्या हातात राहील," ती म्हणाली आणि तिने एक बाही घट्ट धरली. दुसरी त्याने धरली होती.

भोंगा ऐकून आतून मॅनेजर आला. त्याने माणसांकडे पाहिलेच नाही, जॅकेटकडे पाहिले.

"भोंगेकाकांचं जॅकेट तुमच्याकडे कसं?"

"कोणाचं?"

"अहो, इथूनच घेतलेलं. टॅग काढायचा आमच्याकडून राहिला, दाराशी भोंगा वाजला आणि त्यांना चारचौघांत चोरासारखं अडवलं. दुसऱ्या दिवशी काका आले. म्हटलं, द्या, लगेच काढतो. तर म्हणाले, हात लावू नका, पुरावा आहे. आधी लेखी माफी. मी वर कळवलं. वरचे म्हणाले, तोंडी मागा. काका म्हणाले, मग प्रकरण चालू राहील." मॅनेजरने उसासा टाकला. "तेव्हापासून दर रविवारी भोंगा. वाजला की थांबायचे. गिऱ्हाइकाला कसं थांबवायचं, किती लांब उभं राहायचं, काय म्हणायचं नाही, सगळं रखवालदाराकडून घोटून घ्यायचे. तो चुकला की परत आत जाऊन परत बाहेर. इथला एकेक जण त्यांनी तयार केलाय. हा नवा. हल्ली काका फिरकले नाहीत, म्हणून हा असा कच्चा राहिला. कुठे असतात?"

"गेले," थोरली म्हणाली. "उन्हाळ्यात."

टेबलावरचा बल्ब गडगडत काठाशी आला. रखवालदाराने जॅकेटची बाही सोडून तो अडवला आणि तसाच हातात धरून उभा राहिला.

मॅनेजर आत जाऊन टॅग काढायचे यंत्र घेऊन आला. "आता तरी काढू? उगाच तुम्हाला त्रास."

"लेखी माफी आली?"

"नाही."

"मग राहू दे."

तिने जॅकेट घातले, बाह्या दुमडल्या आणि ती खांबांमधून गेली. भोंगा वाजला. रखवालदार ताठ झाला. "माफ करा, ताई," तो चाचरत म्हणाला. "तुमची हरकत नसेल तर... जरा थांबाल का?"

"एक पाऊल मागे उभं राहून," थोरली म्हणाली. "बाकी ठीक."

घरी आली तेव्हा गाठोडी गेली होती. ओट्यावर चहाचे दोन कप भरून ठेवले होते.

"जॅकेट देता येणार नाही," ती दारातूनच म्हणाली. "प्रकरण चालू आहे."

"ऐकलं," आई म्हणाली. "खिडकीतून ऐकू येतो तो भोंगा. रविवारी वाजला की मी आधण ठेवायचे. आज किती वेळा वाजला गं, मला कळेना ठेवू की उतरवू."

दोघी चहा प्यायल्या.

"साबण?" आईने विचारले.

साबण टेबलावरच राहिला होता, आणि बल्ब रखवालदाराच्या हातात.

"उद्या आण," आई कप विसळत म्हणाली. "आणि जॅकेट घालून जा. म्हणजे मला कळेल."