भाऊंच्या लिंबाचं पान

"मालन, तू परत येशील ना, तेव्हा ग्रिलमध्ये लिंबाचं झाड डुलत असेल!" भाऊ परबांनी छाती फुगवून सांगितलं.

"तुमच्या हातचा निवडुंगसुद्धा मेला, अहो!" असं म्हणत मालन बॅग उचलून लेकीच्या बाळंतपणाला गेलीसुद्धा.

लागलं ना ते भाऊंच्या मनाला! सरबताच्या लिंबातल्या बिया त्यांनी धुतल्या, ओल्या फडक्यात गुंडाळल्या आणि कोंब दिसताच श्रीखंडाच्या डब्यात मातीत पुरल्या. एकच जगली. पण काय जगली! कोवळी, पोपटी, चकचकीत पानं! मग काय, चारकोपची ती एवढीशी खोली, पण संध्याकाळचं ऊन ग्रिलमधून आत आलं की भाऊ चहाचा कप घेऊन रोपाशेजारी बसायचे आणि थेट बागेत पोचायचे. पांढरी फुलं गळतायत, मधमाश्या गुणगुणतायत, मालन पदरात पिवळीधमक लिंबं वेचतेय, लोणच्याच्या बरण्या माळ्यावर मावत नाहीयेत. चहा पार गार व्हायचा.

स्वप्न एकट्याने बघावं. भाऊंनी ते वरच्या मजल्यावरच्या धाकूला दाखवलं!

धाकूने मान वाकडी केली. "ह्यां लिंबू नाय रे भाऊ. ह्यां पपनस असतला!"

"पपनस? अरे, पान चुरडून वास घे, मग बोल!" भाऊ तडकले.

धाकूने पान तोडलं, चुरडलं, हुंगलं. "माका सर्दी झाली हा," म्हणाला आणि गेला.

भाऊंच्या काळजात चर्र झालं. पण एवढ्यावर थांबलं नाही! धाकूने बिल्डिंगभर शंका पसरवली आणि जो तो खात्री करायला येऊ लागला. शेजारच्या नलिनीताई आल्या, एक पान. "लिंबूच वाटतंय, पण मला आपला संत्र्यासारखा पण वास येतोय," म्हणून नणंदेला घेऊन आल्या, आणखी एक पान. गॅसवाला आला, त्यानेही जाता जाता हात मारला! रोप दिवसेंदिवस मुंजीतल्या बटूसारखं दिसू लागलं. स्वतः भाऊंनी मात्र एकदाही पान तोडलं नव्हतं. जीवच धजत नव्हता. आणि खरं सांगायचं तर, पपनस निघालं तर काय, ही धाकधूक होतीच.

शेवटची दोन पानं उरली आणि मालनचा फोन आला. "उद्या येतेय हो!"

वाट लागली! तेवढ्यात धाकू आणि नलिनीताई दारात हजर.

"भाऊ, आज माझं नाक एकदम साफ आहे," नलिनीताई म्हणाल्या.

भाऊंच्या तोंडून थाप निघून गेली, "घ्या की! पण बी कुठलं ते माहितीय ना? नाक्यावर कुणीतरी दृष्ट उतरवून टाकलेल्या लिंबातलं!"

नलिनीताई पुढे केलेला हात पाठीमागे लपवत मागच्या मागे सरकल्या. धाकूचा चेहरा पांढराफटक!

"म्हणान माका तेवा ताप इलो!"

त्या क्षणापासून भाऊंच्या दारासमोरून कुणी जाईना. दूधवाला पिशवी जिन्यातच ठेवून पळाला. भाऊ एवढे खूश, की दोन पानांचं रोप समोर ठेवून पुन्हा बागेत फिरून आले.

दुसऱ्या दिवशी मालन आली. "काय हो, ती नलिनी मला बघून आत का पळाली?" म्हणत चपला काढल्या, आणि ग्रिलकडे बघून थबकली.

"अगंबाई! जगवलंत?"

ती हळूच जवळ गेली. उन्हात तिने पानांवरून बोट फिरवलं, बाळाच्या गालावरून फिरवावं तसं. महिनोन् महिने भाऊ ह्याच क्षणाची वाट बघत होते. त्यांनी सुखाने डोळे मिटले.

टक्!

"लिंबूच आहे हो!" मालन आनंदाने ओरडली.

भाऊंनी डोळे उघडले. रोपावर एकच पान उरलं होतं.

"असे काय बघताय? वास नाही घेतलात कधी? थांबा!"

टक्!

तिने शेवटचं पान चुरडून त्यांच्या नाकाशी धरलं. भाऊंनी श्वास घेतला. पांढरी फुलं, मधमाश्या, मालनचा पदर, सगळं एका दमात आत गेलं.

लिंबूच होतं!