तेवीस पोपट

"तुमची सगळी माणसं एकाच आईची लेकरं दिसायला लागलीत," संपादक फोनवर म्हणाले. "मिशी लावली की सरपंच, टिकली लावली की सरपंचाची बायको. चेहरा तोच!"

हर्षालीनं फोन नुसता कानाला धरून ठेवला. त्या साप्ताहिकात तिचं व्यंगचित्र गेली पाच वर्षं येत होतं. पण तिचा दिवस जायचा दुसऱ्याच कामात. बेंगळुरूची एक कंपनी मुलांसाठी चित्रकथा काढायची आणि त्यांची पानं हर्षाली नाशिकला घरी बसून रंगवायची. रेघ दुसऱ्याची, रंग हिचा. दुसऱ्यांच्या रेघांमध्ये रंग भरता भरता स्वतःची रेघ कधी आखडली, ते तिलाही कळलं नव्हतं.

"रोज एक चित्र. खरा माणूस समोर बघून. तीस दिवस," संपादक म्हणाले. "महिनाअखेरीला वही घेऊन या. मग ठरवू, तुमचं चित्र पुढं चालू ठेवायचं की नाही ते."

हर्षाली मुळातच भित्री. पालीला घाबरायची, लिफ्टला घाबरायची, कोऱ्या कागदाला तर फारच. पहिल्या दिवशी ती वही घेऊन भाजीबाजारात गेली. मेथीवालीचा पदर जेमतेम कागदावर उतरला होता, तोच मेथीवाली ओरडली, "ए ताई, काय लिहून घेऊन ऱ्हायली? म्हापालिकेची हाय का तू?" आजूबाजूच्या चार जणींनी आपापल्या पाट्या मागं ओढल्या. हर्षालीनं धूम ठोकली. मेथीची जुडी तिथंच राहिली, ती वेगळीच.

दुसऱ्या दिवशी बागेत एका आजोबांचं चित्र काढताना ते आजोबा उठून शेजारीच येऊन बसले आणि "दाखवा की" म्हणाले. हर्षालीनं पान फाडून पर्समध्ये कोंबलं आणि घर गाठलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी चहा गाळताना तिची नजर स्वयंपाकघराच्या खिडकीतून बाल्कनीत गेली. तिथं आप्पा बसले होते.

आप्पा म्हणजे तिचे सासरे, हिरामण आप्पा. मालेगावच्या एसटी स्टँडवर त्यांनी तीस वर्षं वाहतूक नियंत्रक म्हणून काढली. त्यांचा आवाज ऐकून ड्रायव्हर हातातला चहा सोडून गाडीकडं पळायचे. सासूबाई गेल्यावर ते नामपूरचं घर बंद करून मुलाकडं, रोहितकडं राहायला आले. आले त्याच वर्षी त्यांनी हर्षालीचं एक चित्र पाहिलं होतं. चित्रात एसटी होती. "हिला आरसा नाय," आप्पा म्हणाले होते. "बिगर आरशाची गाडी स्टँडाबाहेर सोडली कुणी?" तेव्हापासून हर्षालीनं आपलं एकही चित्र त्यांच्या नजरेला पडू दिलं नव्हतं.

पण माणूस चित्र काढून घ्यायला तयार होऊन बसावा, तसे आप्पा बसले होते. जानेवारीची थंडी, अंगात हिरवा बिनबाह्यांचा स्वेटर, दोन्ही हातांत पेपर. साडेसात ते साडेआठ. अंगावर माशी बसली तरी हालचाल नाही. आणि त्यांचं नाक! खोलीत आधी नाक यायचं आणि मग मागून आप्पा.

हर्षालीनं खिडकीआड उभं राहून पेन्सिल उचलली.

जमलं. मेथीवालीचं अर्धवट पान फाडून टाकून तिनं मागच्या दोन दिवसांचं धरून त्याच सकाळी तीन आप्पा काढले. दुसऱ्या दिवशी आणखी बरं जमलं. आठव्या दिवशी आप्पा कागदावर असे उतरले की तिचं तिलाच हसू आवरेना. त्याच हसण्यात तिला घामही फुटला. कारण हे व्यंगचित्र होतं. त्यात मान बारीक होती, पोट गोल होतं आणि नाकाबद्दल तर बोलायलाच नको. रंग भरायचा नाही असं ठरवूनही हात राहिला नाही, म्हणून रोज फक्त स्वेटरला हिरवा लागायचा. चित्र झालं की ती वही गव्हाच्या कोठीत खोल खुपसायची.

पंधराव्या दिवशी आप्पांनी जेवताना विचारलं, "हर्षाली, तू रोज सकाळी त्या खिडकीशी काय करते?"

हर्षालीनं पटकन पाण्याचा पेला उचलला. "दूध! दुधावर लक्ष ठेवते."

"अर्धा तास?"

"उतू जातं ना ते."

आप्पांनी हातातला घास खाली ठेवला. मग हळूच म्हणाले, "माझी तब्येत बरी वाटते ना तुला?"

"एकदम!" हर्षाली इतक्या जोरात म्हणाली की रोहितनं ताटातून डोकं वर काढलं. "एकदम छान! काही म्हणजे काहीच झालेलं नाही तुम्हाला!"

आप्पांनी मान हलवली आणि ताट बाजूला सारलं.

तेविसाव्या दिवशी दुपारी पुण्याहून मोहिनीचा फोन आला. मोहिनीही रंगकाम करायची आणि वहीचं गुपित फक्त तिलाच ठाऊक होतं. आप्पा झोपलेत या भरवशावर हर्षाली मोकळेपणानं बोलत होती. "तेवीस झाले गं! आता आठवडा राहिला. मान तर गेल्यातच जमा आहे, हातांचंही काही खरं नाही. डोळे? डोळ्यांत जीवच नाही, मोहिनी. नुसत्या रेघा. आणखी आठवडाभर असेच टिकले म्हणजे मिळवलं. महिनाअखेरीला एकदाचं संपलं की सुटले मी!"

ती वळली. दारात आप्पा उभे होते. हातात रिकामा तांब्या.

आप्पांनी तांब्या ओट्यावर ठेवला आणि भिंतीला धरून आपल्या खोलीत गेले.

'कळलं त्यांना!' हर्षालीनं घाईनं फोन बंद केला. 'वहीचं कळलं!' तिनं वही कोठीतून काढून माळ्यावर, दिवाळीच्या आकाशकंदिलामागं दडवली.

त्या रात्री आमटीत मीठ नव्हतं. आप्पांनी ती मुकाट्यानं संपवली. मीठ कमी असलं तर ज्यांचा आवाज खालच्या वॉचमनपर्यंत जायचा, त्या आप्पांनी वर "छान झाली" असं म्हटलं. हर्षालीला रात्रभर डोळा लागला नाही. दुसऱ्या दिवशी ते कुणाला न सांगता दोन तास बाहेर जाऊन आले. संध्याकाळी त्यांनी मनगटावरचं घड्याळ काढून रोहितच्या हातात दिलं.

"आप्पा, हे कशाला?"

"राहू दे तुला. आता मला टाइम बघून कुठं जायचं?"

रोहितला वाटलं, घड्याळ बंद पडलं असेल. हर्षालीला वाटलं, आप्पा घर सोडून निघाले. सुनेनं चेष्टा केली म्हणून सासरा घर सोडून गेला, असं उद्या नामपूरभर होणार. रोहितला सांगावं असं दहादा तिच्या ओठांवर आलं आणि दहाही वेळा तिनं ते गिळलं.

त्यानंतरच्या सकाळी नऊ वाजता बेल वाजली. दारात नामपूरच्या झुंबरबाई. आप्पांची थोरली बहीण, रोहितची आत्या. एका हातात भरताच्या हिरव्या वांग्यांची पिशवी, दुसऱ्या हातात डोळ्याला लावलेला पदर.

"हिरामण!" चपला न काढताच त्या अहिराणी हेल काढत आप्पांच्या खोलीत शिरल्या. "थोरली मी शे ना रे! माझ्या आधी कसा निघाला तू?"

कंपनीत निघालेला रोहित डबा हातात धरून त्यांच्या मागं धावला. "कुठं निघाले आप्पा?"

"लपवा! आजून लपवा!" झुंबरबाईंनी त्याला फैलावर घेतलं. "यानंच फोन करून बोलावलं मला. भेटून जा म्हणे. काल एकटा जाऊन रक्त तपासून आला बिचारा, छातीचा कागद काढून आला. डॉक्टर म्हणतो, समदं नॉर्मल. या वयात समदं नॉर्मल कुणाचं राहतं रे? तुम्हीच सांगून ठेवलं त्या डॉक्टरला!"

"आत्या, मला खरंच काही माहीत नाही!"

"तुला नसेल, तुझ्या बायकोला शे. रोज खिडकीतून बघत राहते, अजून किती दम शे ते. तिच्या तोंडचं ऐकलं यानं. मान गेल्यातच जमा, हाताचं खरं नाय, आठवडाभर टिकले म्हणजे मिळवलं!"

सगळ्यांच्या नजरा हर्षालीकडं वळल्या. आप्पा पलंगावर उशीला टेकून बसले होते. चेहरा उतरलेला, हात मांडीवर. स्टँड दणाणून सोडणारा तो माणूस एवढासा दिसत होता. हर्षालीच्या एकदम लक्षात आलं, आप्पा तिच्यावर रागावलेलेच नव्हते. ते घाबरले होते. दोन दिवस ते मरणाच्या भीतीनं बिनमिठाची आमटी गिळत होते आणि ती दोन दिवस त्यांच्या भीतीनं थरथरत होती.

खरं सांगायचं तर वही दाखवावी लागणार. न सांगावं तर आप्पा आठवड्याच्या शेवटी नुसत्या धसक्यानंच जातील.

ती स्टुलावर चढली, माळ्यावरून वही काढली आणि रोहितच्या हातात दिली. "त्यांच्याबद्दल नव्हते बोलत मी. या चित्रांबद्दल बोलत होते. रोज आप्पांना बघून एक काढायची... मान जमत नव्हती मला."

रोहितनं पहिलं पान उघडलं आणि त्याला असा ठसका लागला की त्याला डबा खाली ठेवावा लागला. झुंबरबाईंनी वही ओढून घेतली. एक पान, दोन पानं, तीन पानं. चौथ्या पानाला पदर डोळ्यांवरून तोंडावर आला आणि त्यांचे खांदे गदगदा हलू लागले.

"इकडं आणा," आप्पा म्हणाले.

हर्षालीनं डोळे मिटून घेतले. खोलीत पानं उलटल्याचा आवाज येत होता. आप्पा एकेक पान डोळ्यांजवळ नेत होते, लांब धरत होते, पुढचं उलटत होते. तेवीसच्या तेवीस पानं झाली.

"छान," आप्पा म्हणाले. "पोपट झकास जमलेत."

हर्षालीनं डोळे उघडले.

"कोणते पोपट, आप्पा?" रोहितनं विचारलं.

"हेच की. हिरवे. चोच बाकदार आलीय."

झुंबरबाईंचं हसू जागच्या जागी थांबलं. त्यांनी पिशवीतून एक भलंमोठं वांगं काढून समोर धरलं. "हिरामण, माझ्या हातात काय शे?"

आप्पांनी बराच वेळ बघितलं. "तांब्या."

मग ते स्वतःच खाली बघू लागले. "दीड वरीस झालं," ते म्हणाले. त्यांचा इतका बारीक आवाज हर्षालीनं कधी ऐकला नव्हता. "धुकं पडल्यावानी दिसतं. मोतीबिंदू असणार, मला ठावकी आहे. पण आमच्या डेपोतला चंदर ड्रायव्हर सांगायचा, डोळ्यात सुई घालतात आन् माणूस जागाच असतो. लय भ्या वाटतं मला."

"मग रोजचा पेपर?" रोहितनं विचारलं.

"पेपर नाय धरला तर तुम्ही विचारलं असतं ना, आप्पा पेपर का वाचत नाय म्हणून."

यावर कुणीच हसलं नाही. झुंबरबाईंनी वांगं पिशवीत ठेवलं आणि भावाच्या शेजारी पलंगावर बसल्या. "सुई तर सुई," त्या म्हणाल्या. "मी येते संगं. तू आरडला तर मीपण आरडेन."

दोन दिवसांत डोळ्यांचा दवाखाना ठरला. ऑपरेशनला आत नेताना आप्पांनी हर्षालीचा हात घट्ट धरला. "इथंच बसशील ना?"

"इथंच बसते."

"काय करशील एवढा वेळ?"

"चित्र काढते."

"काढ," आप्पा म्हणाले आणि हात सोडून आत गेले. कुणीच ओरडलं नाही. पंधरा मिनिटांत सगळं आटोपलं. एवढ्यात कसं झालं, म्हणून झुंबरबाईंनीच नर्सला दोनदा खात्री करायला लावली.

बाहेरच्या बाकावर हर्षालीला मात्र खजिना सापडला. एका डोळ्याला पट्टी बांधलेली आणि दुसऱ्यानं नीट न दिसणारी माणसं रांगेनं स्वस्थ बसली होती. सायखेड्याचे एक शेतकरी, पेठकडच्या दोघी जावा, टाय लावलेला एक वकील. कुणी विचारलं नाही, कुणी डोकावलं नाही. ऑपरेशन, पट्टी काढणं, पुन्हा तपासणी, असे दवाखान्याचे हेलपाटे होत राहिले आणि उरलेली पानं तिनं तिथंच भरून काढली. एकाही माणसाचा चेहरा दुसऱ्यासारखा आला नाही.

तिसाव्या दिवशी सकाळी ती वही घेऊन संपादकांकडं निघाली होती. तेवढ्यात बाल्कनीतून आवाज आला. अगदी जुना, मालेगाव स्टँडवरचा. "हर्षाली! ती पोपटांची वही आण!"

ती चपला काढून बाल्कनीत गेली आणि तिनं वही पुढं केली. आप्पांच्या डोळ्यावर काळा चष्मा होता. त्यांनी तो कपाळावर सरकवला, वही उघडली आणि पहिल्या पानाकडं बघत राहिले. मग वही घेऊन ते सरळ बाथरूममध्ये गेले. आरशासमोरचा दिवा लागला. दहा मिनिटं झाली. हर्षाली बाहेर उभ्या उभ्या घामानं भिजली. संपादक गेले, व्यंगचित्र गेलं, सासरही गेलं, असं सगळं तिनं मनातल्या मनात सोडून दिलं.

आप्पा बाहेर आले.

"नाक बारकं काढलंय," ते म्हणाले.

"काय?"

"माझं नाक एवढंसं हाय का? आरशात बघून आलो मी. तेवीस पानं नाक चोरलंय तू." ते तिच्याकडं रोखून बघत होते आणि आता त्यांना ती स्वच्छ दिसत होती. "घाबरून काढलं ना?"

हर्षालीनं मान डोलावली.

"आज संपादकाकडं जा. उद्या समोर बसून काढ. खिडकीतून नाय."

संपादकांनी वही दोनदा चाळली, बाकावरच्या वकिलापाशी थांबून मोठ्यानं हसले आणि पुढच्या अंकासाठी चित्र कधी देताय, एवढंच विचारलं.

दुसऱ्या दिवशी साडेसातला हर्षाली बाल्कनीत खुर्ची टाकून आप्पांसमोर बसली. दिसायला लागल्यामुळं आप्पा आता दर मिनिटाला पान उलटत होते, बातम्या मोठ्यानं वाचत होते, पुढाऱ्यांच्या नावानं बोटं मोडत होते. एक क्षण स्थिर बसतील तर शपथ. पण हर्षालीची पेन्सिल थांबली नाही. नाक सुरू झालं, ते गालावरून खाली उतरलं, पेपरावर आलं, पेपर ओलांडून पानाच्या कडेला पोचलं. उरलेलं तिनं शेजारच्या पानावर पूर्ण केलं आणि स्वतःहून वही आप्पांसमोर धरली.

आप्पांनी चष्मा वर केला. दोन्ही पानं सावकाश, या टोकापासून त्या टोकापर्यंत बघितली. मग चष्मा खाली केला.

"एवढंबी धीट व्हायला नव्हतं सांगितलं," ते म्हणाले, आणि पेपर तोंडासमोर धरून त्यामागं लपले.