हार्टविगचा गोल

जर्मनीचा जुना गोलकीपर हार्टविग आमच्या पेठेत पोरांना शिकवायला आला, तेव्हा त्याचा गोल, खांब-जाळीसकट, त्याच्या मागून चालत येत होता. डांबरावर खांब घासल्याचा तो आवाज इतक्या वर्षांनीही माझ्या कानात आहे.

मी तेव्हा कोल्हापुरात तालमीच्या मैदानावर फक्कीच्या पांढऱ्या रेघा मारायचो. आमच्याकडे तालमीचा फुटबॉलचाही संघ असतो. हार्टविग माझ्या घरी उतरला. गोल दारातून आत येईना, म्हणून अंगणात उभा राहिला. आमच्या मंडळींनी, म्हणजे माझ्या बायकोने, त्याच्या जाळीवर धुणं वाळत घातलं.

हार्टविगने उमेदीची सारी वर्षं एकाच क्लबात घालवली होती. दुसऱ्यांची बोलावणी आली, पण तिथे आधीच दोन गोल होते आणि तिसरा नियमात बसेना. खेळणं थांबलं तरी गोल मागोमाग येतच राहिला. त्यामुळे हार्टविगला स्वस्थ बसता यायचं नाही. शेजारणीने कांद्याची टरफलं भिरकावली, तरी तो आडवा झेपावायचा.

एकदा जेवता जेवता तो मला म्हणाला, "मामा, मुलीला मुलगी झाली. मला एकट्याला जायचंय. मागे गोल असला, तर मी बाळ घेऊन उडी मारणार."

मी तालमीत बोललो. अध्यक्ष बाबूराव सरनाईकांनी सभा घेतली. गोल राहायला तयार असेल तर मैदानाच्या उत्तरेला जागा द्यावी, असं ठरलं. त्याचं बिऱ्हाड कायमचं की तात्पुरतं, यावर थोडा वाद झाला.

निघायच्या दिवशी आम्ही गोल उत्तरेला नेऊन उभा केला. हार्टविग त्याला म्हणाला, "येतो." तो फाटकापर्यंत पोचला, तर गोल मागे हजर. परत नेला. परत "येतो". परत मागे.

सरनाईक म्हणाले, "सायेब, तुम्ही येतो म्हणताय आणि त्यो खरं मानतोय. आणायलाच आलाय तुम्हाला."

'येतो' त्याला आमच्या मंडळींनीच शिकवलं होतं. जर्मनीत निघताना काय म्हणायचा, ते मी विचारलं. त्या शब्दाचा अर्थही पुन्हा भेटू असाच निघाला.

"मग जातो म्हणा की," सरनाईक म्हणाले.

आमच्या मंडळींनी त्यांच्याकडे असं बघितलं, की त्यांनी टोपी सारखी केली. "माणूस लेकीकडं निघालाय," त्या म्हणाल्या. "असलं बोलू नये तोंडानं."

गाडीची वेळ होत आली होती. गोल परत उत्तरेला नेला. हार्टविग जवळ गेला, खांबाला लागलेली फक्की त्याने तळहाताने पुसली. तोंड उघडलं, आमच्याकडे बघितलं, आणि मिटलं. जाळी जराशी हलली.

मग तो काहीच न बोलता फाटकाबाहेर चालत गेला, आणि त्याच्या मागून कुणी आलं नाही.