आप्पांची गर्दी

बंगल्याच्या एका खोलीतून दुसऱ्या खोलीत माणसं न्यायची झाली, की दानियल आप्पा तोंडानं 'टिंग टिंग' करायचे. डबल बेल! उभी हयात शिरूर-दौंड गाडीवर कंडक्टरकी केलेला माणूस. निवृत्त झाला तरी घंटीची दोरी सुटली नव्हती. "चला, दिवाणखाना झाला! म्होरं सरका, म्होरं लई जागा हाय!" आणि साठ-सत्तर माणसं हसत हसत स्वयंपाकघरात शिरायची.

हा बंगला म्हणजे शिरूरमधलं आमचं छोटं संग्रहालय. पूर्वी तिथं मिशनचे एक गोरे डॉक्टर राहत. नव्वदच्या दशकात ट्रस्टनं डागडुजी करून तो लोकांना खुला केला आणि दर महिन्याच्या पहिल्या रविवारी इथला इतिहास सांगायला आम्हा दोघांना नेमलं. तीन वाजता आप्पा बंगला फिरवून दाखवणार, सव्वाचारला मी मागच्या हॉलमध्ये व्याख्यान देणार. मी हायस्कुलात इतिहास शिकवायचो. एम.ए., तेही पहिल्या वर्गात. आप्पा सातवी.

तरी त्यांच्याकडे साठ-सत्तर आणि माझ्याकडे दहा-बारा. शिक्रापूरला खोल्या घेऊन राहणारी कारखान्यातली पोरं सुटीच्या दिवशी इस्त्रीचे शर्ट घालून यायची, ती आप्पांसाठी. त्यांचा हशा कानावर येऊ नये म्हणून मी हॉलचं दार लावून टाचणं वाचत बसायचो. एकदा माझी बायकोही म्हणाली, "आप्पांचं छान असतं हो." मी दोन दिवस तिच्याशी जेवणापुरतंच बोललो.

बरं, त्यांना सनावळी येत नसे. कुणी लांबलचक प्रश्न विचारला की म्हणायचे, "एवढी मोठी नोट नको, सुट्टं इचारा." डॉक्टर इथं कधी आले? "रेल्वेच्या नंतर, एसटीच्या आधी." लोक खूश!

त्यांची हुकमी गोष्ट कोकराची. एका धनगराची बायको बाळंतपणात अडली, डॉक्टरांनी तिला वाचवलं. धनगर व्हरांड्यात एक कोकरू बांधून गेला. मडमेनं ते कापू दिलं नाही. त्यानं तिचे गुलाब खाल्ले, पडदे खाल्ले आणि एका रविवारी पाद्रीसाहेबांनी लिहून आणलेला उपदेशही खाल्ला. "त्या दिशी मंडळी येळेवर घरी ग्येली!"

एकदा मला राहवलं नाही. मी त्या गर्दीत जाऊन उभा राहिलो आणि हशा ओसरायच्या आत मोठ्यानं विचारलं, "आप्पा, या कोकराला पुरावा काय? डॉक्टरांच्या सगळ्या डायऱ्या मी वाचल्यात. त्यांत ते कुठंच नाही."

आप्पा गडबडले. "कागदात न्हाई सर. माझी आजी सांगायची."

"म्हणजे ऐकीव."

"व्हय. ऐकीवच."

पुढच्या खोल्या राहूनच गेल्या. आप्पा टोपी सारखी करत फाटकाबाहेर पडले. मला फार बरं वाटलं. खोटं कशाला सांगू?

पुढच्या महिन्यात ते आले नाहीत. लोक आले, आप्पांची चौकशी करून परत गेले. साडेचार वाजले तरी हॉलमध्ये मी आणि खुर्च्याच. शेवटी राखणदार महादू मामा आत डोकावले.

"सर, आज कुनी यायचं न्हाई. तुमच्याकडं मानसं आप्पाच धाडायचे की!"

"म्हणजे?"

"दर बारीला शेवटाला सांगायचे, 'माझं समदं ऐकीव हाय. पक्कं सर सांगत्यात, ते ऐकल्याबिगर जायचं न्हाई.' आन् फाटकात आडवे हुभे ऱ्हायाचे. त्यातली धा-बारा घावायची तुम्हांस्नी."

मी तसाच उठून आप्पांच्या खोलीवर गेलो. बायको वारलेली, मुलगा पुण्यात. ते एकटेच होते. रागावले असते तर सोपं गेलं असतं. त्यांनी मला खाटेवर बसवलं आणि स्टोव्हवर चहा ठेवला.

"चुकलं माझं," मी म्हणालो. "पुढच्या महिन्यात या."

"तुमचं बराबर हुतं सर. म्या आपला आजीपायी येत हुतो. तिनं त्या बंगल्यात भांडी घासली, मडमेची पोरं वाढवली. तिथं डॉक्टरांचा फोटू हाय, मडमेचा हाय, घोड्याचासुदिक हाय." त्यांनी आधणात साखर टाकली. "कोकरू तिच्याच मागं मागं फिरायचं म्हनं."

मी डायऱ्या आठवू लागलो. त्यांत 'आया' हा शब्द पुष्कळदा होता. नाव कुठंच नव्हतं, आणि मी ते कधी शोधलंही नव्हतं.

"आजीचं नाव काय?"

चहा गाळता गाळता आप्पांचा हात थांबला. "आजवर कुनी इचारलं न्हाई," ते म्हणाले. मग हळूच, "सगुणाबाई."

पुढच्या पहिल्या रविवारी मी व्याख्यानाची सुरुवात 'आप्पांची आजी, सगुणाबाई' या नावानं केली. हॉल भरला होता. अर्थात माणसं आप्पांनीच आत लोटली होती. ते स्वतः शेवटच्या खुर्चीत मान खाली घालून बसले होते. नाव ऐकताच लोकांनी टाळ्या वाजवल्या, त्याही माझ्याकडे पाठ करून, आप्पांकडे वळून. मी थोडा जळलो, नाही असं नाही. पण टाळ्या थांबेपर्यंत पुढचं वाक्य काही सुरू केलं नाही.